मेस्तांचा अर्धा कागद

वहिनी गेली त्याला आज नऊ दिवस झाले. संध्याकाळच्या प्रार्थनेला ती माझ्या खोलीत येऊन बसायची, म्हणून तिचं पुस्तक माझ्याच खिडकीत असे. काल ते पुसून ठेवताना त्यातून एक कागद खाली पडला. मधोमध उभा कापलेला अर्धा कागद. शाई तपकिरी झाली आहे, पण अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही. त्याचा दुसरा अर्धा माझ्या ट्रंकेत आहे. दोन्ही मेस्तांनी दिलेले.

आमचं घर एक, चुली दोन. मधल्या भिंतीत एक दार आहे. पलीकडे सध्या वहिनीची मुलगी राहते. आईच्या आजारपणात मुंबईहून आली, ती महिन्याची मिसा, म्हणजे तिच्यासाठी देवळात होणारी प्रार्थना, झाली की परत जाईल. वहिनीला पुरलं त्या दिवसापासून मधलं दार लावलेलं आहे. आधी तिनं लावलं की मी, हे आता दोघींनाही सांगता येणार नाही. कारण मात्र सांगता येईल, आणि सांगताना लाज वाटते. शवपेटीवर अंथरायला मी माझ्या हातचं क्रोशाचं कापड काढलं होतं. मुलगी म्हणाली, "आते, ता पिवळा पडलाहा," आणि घडी घालून तिनं ते माझ्या हातात परत दिलं. मी ते काखेत धरून पूर्ण वेळ मागे उभी राहिले.

मेस्त असते तर माझ्याकडे न बघताच म्हणाले असते, "बाय, तुझो सूर चढता."

देवळात गाणं बसवणाऱ्याला आमच्या किनाऱ्यावरचे ख्रिस्ती लोक मेस्त म्हणतात. आमच्या मेस्तांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. उंच, खांद्यात वाकलेले. रविवारी काळा कोट घालत, तो खांद्यांवर हिरवट झालेला. पायात काही नसे. उन्हात छत्री मिटलेली आणि सावलीत उघडलेली, कारण त्यांच्या मते छत्रीलाही ऊन लागतं. लग्न केलेलं नव्हतं. देवळामागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांचं व्हायोलिन राहत. व्हायोलिनची पेटी त्यांनी सावंतवाडीच्या खेळणी करणाऱ्याकडून करून घेतली होती. त्या कारागिरानं आपल्या सवयीनं तिला लाल लाख दिली आणि वर पिवळे पट्टे ओढले. ती पेटी काखेत मारून मेस्त पहिल्यांदा देवळात आले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मेस्तांचो पाळणो इलो!" सगळं देऊळ हसलं.

तो म्हणणारा होडीवाला पुढे आजोबा झाला. मेस्तांनी त्याला आपणहून कधी नमस्कार केला नाही. त्यानं केला तर मान हलवत. पाळण्याची गोष्ट त्यांनी वीस वर्षं मनात ठेवली होती.

मेस्त संत नव्हते. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण आता गावात त्यांच्याबद्दल बोलताना लोक आवाज मऊ करतात. त्यांच्या व्हायोलिनच्या वेळी कोण खोकलं, फेस्ताच्या, म्हणजे देवळाच्या सणाच्या, जेवणात त्यांना कोणी शेवटी वाढलं, कोणी त्यांना चहा दिला पण बशी दिली नाही, हे सगळं त्यांच्या लक्षात असे. त्यांचं त्यांनाही ते माहीत होतं. "मी हलको माणूस," ते म्हणत. "हलको माणूसच हलकेपणा वळखता. बऱ्या माणसाक तो दिसतच नाय."

शनिवारी दुपारी देवळामागच्या खोलीत गाण्याचा सराव चाले. मी गावच्या शाळेत शिकवत असे आणि सरावाला पायपेटी वाजवत असे. वहिनी खालच्या आवाजात गाई. मेस्त डोळे मिटून ऐकत आणि मधेच व्हायोलिनची धनुकली उगारून एखाद्याकडे रोखत. डोळे उघडायची त्यांना गरज नसे.

"रे, तुझो सूर चढता. कोणाशी भांडलंस?"

"कोणाशी नाय, मेस्तानू."

"खोटा. पाव सूर वर आसा. पाव सूर म्हणजे शेजारी. घरातला माणूस आसता तर अर्दो चढतो."

सगळे हसत. तो माणूस लाल होई, आणि थोड्या वेळानं कबूल करी की शेजाऱ्यानं कुंपणावरचं शेवग्याचं झाड तोडलं. मेस्तांचं म्हणणं असं होतं, की राग गळ्याशी येऊन बसला की माणूस त्याच्यावरून उडी मारून गातो, म्हणून सूर वर जातो. हे खरं की खोटं मला माहीत नाही. पेटीवर बसून मी अनेकदा ताडून पाहिलं आहे. मेस्त फारसे चुकत नसत.

गाण्याचे कागद ते हातानं लिहीत. छापील पुस्तकं आमच्याकडे नव्हती. पण प्रत्येकाला पूर्ण गाणं ते कधी देत नसत. एक कागद घेऊन मधोमध रेघ मारायची, डावीकडे एक ओळ, उजवीकडे पुढची, आणि मग कात्रीनं उभा कापायचा. एक अर्धा एकाला आणि दुसरा त्याच्याशी बोलत नसलेल्याला. गावात कोण कोणाशी बोलत नाही याची त्यांना पक्की माहिती असे, आणि ती दर शनिवारी ताजी होई. मग देवळात त्या दोघांना शेजारी उभं राहावं लागे. एकाची ओळ संपली की दुसऱ्याची सुरू. बोलायला नको, पण श्वास कधी घ्यायचा ते तरी एकमेकांकडे बघून ठरवावंच लागे.

कोणी तक्रार केली, की मेस्तांचं उत्तर ठरलेलं. "कागद महाग आसा."

नवे पाद्री आले, वसईकडचे, नीटनेटके. त्यांना हा प्रकार पटेना. माझ्यासमोरच त्यांनी विचारलं, "मेस्त, प्रत्येकाला पूर्ण प्रत का देत नाही?"

"कागद नाय, फादर."

"कागद मी देतो."

"शाय नाय."

"शाईही देतो."

मेस्तांनी धनुकलीला राळ लावणं थांबवलं. "मगे, फादर, माणसां नाय. पुरो कागद गावलो की जो तो आपल्यापुरतो गातलो. माका माणसां होयी."

पुढच्या आठवड्यात पाद्रींनी कागदाचं एक मोठं बंडल पाठवलं. मेस्तांनी ते सगळं उभं कापलं.

कागदावरच थांबतील तर ते मेस्त कसले. सायबिणीच्या, म्हणजे देवमातेच्या मूर्तीच्या, मिरवणुकीत गॅसबत्ती कोणी धरायची यावरून एका वर्षी दोन घरांत इतकं वितुष्ट आलं, की एका घरानं मिरवणुकीला यायचंच नाही असं ठरवलं. मेस्तांनी बत्ती एका घराच्या हाती दिली, आणि बत्तीचं भोक साफ करायची पिन दुसऱ्या घराच्या म्हाताऱ्याला नेऊन दिली. "ही संभाळा. तुमच्याबगर बत्ती चलाची नाय." म्हातारा पिन घेऊन मिरवणुकीला आला, पण सगळ्यांच्या मागे. वाटेवरच्या खुरसाजवळ, क्रुसाजवळ, पोचता पोचता बत्ती फुरफुरायला लागली. बत्तीवाला थांबला. सगळी मिरवणूक थांबली, सायबीणही थांबली. शेवटी त्यानं मान न वळवता विचारलं, "पिन खंय आसा?"

"हय आसा," मागून म्हातारा म्हणाला. "माका पुढे येवक वाट दिया."

लोकांनी वाट दिली.

दर वेळी असं झालं नाही. दोन भावांना त्यांनी एकदा असाच अर्धा अर्धा कागद दिला होता. फेस्ताच्या सकाळी थोरल्यानं आपला तुकडा सगळ्यांसमोर फाडला आणि धाकट्यानं आपला वेदीच्या मेणबत्तीवर धरला. गाणं झालंच नाही. मेस्त धनुकली हातात घेऊन, गाण्याला जितका वेळ लागला असता तितका वेळ गप्प उभे राहिले. पाद्री वाट बघत राहिले. नंतर मेस्तांनी वाकून जमिनीवरचे तुकडे एक एक करून उचलले आणि कोटाच्या खिशात ठेवले. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. ते दोघे भाऊ पुढेही बोलले नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी सगळे गेल्यावर मी पेटी झाकत होते. मेस्त खिडकीशी बसले होते. मी विचारलं नव्हतं, पण ते बोलायला लागले.

"माझो भाव माझ्यापेक्षा बरो गायत होतो. तो वरचो सूर, मी खालचो. एका फेस्ताक पाद्रीन सगळ्यांसमोर तेचो हात हातात घेतल्यान आणि म्हणालो, देवाचो गळो. माझो हात घेवक नाय. बस, इतक्याच. तेवड्यासाठी सात वर्सां मी तेच्याशी बोलूक नाय."

"आणि मग?"

"मगे काय. पावसात ताप इलो, चार दिवसांत गेलो. पुरूच्या वेळार लोक म्हणाले, मेस्तानू, गावा. मी वरची वळ गायलंय, मगे खालची. परत वरची, परत खालची. एका गळ्यात दोन सूर मावणत नाय, बाय. लोकांका वाटला मेस्त रडता. मी रडत नव्हतंय. माका दम पुरत नव्हतो."

त्यांनी राळेचा खडा फडक्यात गुंडाळला. तेव्हा मी स्वतः वहिनीशी दोन वर्षं बोलत नव्हते, आणि मेस्तांना ते अर्थातच माहीत होतं.

ते भांडण असं. एका पावसाळ्यात मोठ्या वेदीच्या कापडाला मी क्रोशाची झालर विणली, द्राक्षांचे घोस आणि गव्हाच्या लोंब्या घातलेली. तीन महिने लागले. फेस्ताच्या सकाळी फुलं लावायचं काम वहिनीकडे होतं. वेदीच्या पुढच्या कडेला तिनं शेवंतीच्या माळा अशा सोडल्या, की झालर दिसेनाशी झाली. संध्याकाळी मी तिला विचारलं. दोन्ही चुलींपाशी पाहुण्या बायका होत्या. ती म्हणाली, "देवाक फुलां बघूची होती की तुझी झालर?" बायका हसल्या. मी मधलं दार लावलं.

माझा भाऊ बोटीवर होता. त्याला एकाच घरी दोन पत्रं पाठवावी लागत, कारण एकीच्या पत्रातली खुशाली दुसरीला कळण्याची सोय उरली नव्हती. दोन्ही पत्रांच्या शेवटी तो एकच वाक्य लिही, हे मला नंतर कळलं. "दार उघडा, मी येईन तेव्हा मला दोनदा जेवायला लावू नका."

त्याच सुमारास देवळातलं लॅटिन गेलं आणि आपली भाषा आली. लगेच कोकणी की मराठी यावरून गावात दोन तट पडले. मेस्त म्हणाले, "बरा झाला. भांडूक नवी जागा गावली." पण आतून ते खुश होते. आपल्या बोलीतलं एक गाणं त्यांना लिहायचं होतं.

एक दिवस मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. उन्हातून, मिटलेली छत्री घेऊन. धापा टाकत व्हरांड्याच्या कठड्यावर बसले आणि खिशातून अर्धा कागद काढला.

"ह्यो घे. माझ्या पुरण्याक."

"मेस्तानू, असा काय बोलतास?"

"बोलूक काय झाला? माणूस मरता म्हणान शाळेत शिकवणत नाय?" 

मी कागद पाहिला. पाच ओळी, खाली सूर लिहिलेले. पहिली ओळ होती, 'खंय रे तुझा घर, वाटसरा?' दुसरी, 'कोण रे तुका दार उघडता?' पाचही ओळी प्रश्नच.

"दुसरो अर्दो?"

"आसा खंय तरी," म्हणून ते उठले. कोणाकडे आहे ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

चार महिन्यांनी एका सकाळी मोठी घंटा वाजली. पाद्रींनी निरोप पाठवला, मेस्त गेले, चारला पुरायचं, त्यांचं स्वतःचं गाणं आहे म्हणतात, तेच गावं. मी शाळा सोडून देवळामागच्या खोलीत गेले. आत अजून राळेचा वास होता. पेटीवर कागद ठेवला आणि माझ्या ओळी म्हणून पाहिल्या. एक प्रश्न, मग तेवढीच रिकामी जागा, मग दुसरा प्रश्न. कोणाला विचारतेय तेच कळेना. दुसरं एखादं जुनं गाणं म्हटलं असतं तरी चाललं असतं, कोणी बोललं नसतं. आयुष्यभर ज्यांनी गावाकडून दोन गळ्यांनी गाऊन घेतलं, त्यांना एका गळ्यानं पोचवलं असतं, इतकंच.

मी पुन्हा म्हणून पाहिलं आणि पेटीचा सूर लावून ताडलं. माझा आवाज वर होता. पाव नाही, चांगला अर्धा.

घरी आले. मधल्या दाराची कडी गंजली होती, ती काढायला वेळ लागला. पलीकडूनही कडी होती. मी दार वाजवलं.

"कोण?" वहिनीनं विचारलं. त्या दारातून दुसरं कोण वाजवणार होतं?

"मी."

मग कडी निघाली. वहिनीच्या हाताला पीठ होतं आणि डोळे सुजलेले होते.

"मेस्तांचो कागद आसा तुझ्याकडे," मी म्हटलं.

"आसा. पण माझ्याकडे नुसती उत्तरां आसत गो. चार महिने बघतंय. कोणी काय इचारलाहा ताच कळणा नाय."

"इचारलेला माझ्याकडे आसा."

ती बाजूला झाली. मी आत गेले. तीन वर्षांत तिनं चूल उजवीकडून डावीकडे हलवली होती, आणि मला ते माहीत नव्हतं. भिंतीपलीकडून ऐकू येणारा भांड्यांचा आवाज बदलला होता तो यामुळे.

"जेवलंस?" तिनं विचारलं.

"नाय."

"मग आधी दोन घास खा. उपाशी पोटान तुझो आवाज कापता."

झालरीबद्दल आम्ही त्या दिवशी बोललो नाही, नंतरही नाही. माफी तिनं मागितली नाही, मीही नाही. चुलीपुढे बसून दोन्ही अर्धे शेजारी शेजारी ठेवले तेव्हा ओळी एकमेकींत गेल्या, आणि मेस्तांनी काय लिहिलं होतं ते मी पहिल्यांदा वाचलं.

चारला आम्ही खड्ड्याशी शेजारी उभ्या राहिलो. ज्यानं पाळणा म्हटलं होतं तो म्हातारा होडीवाला ती लाल पेटी पोटाशी धरून उभा होता. ती त्याच्याकडे कोणी दिली, मला माहीत नाही. मी विचारलं, 'खंय रे तुझा घर, वाटसरा?' वहिनी म्हणाली, 'दर्याच्या पैल, बापाच्या दारा.' मी विचारलं, 'कोण रे तुका दार उघडता?' आणि वहिनी तिच्या जाड, खालच्या आवाजात म्हणाली, 'जेका मी दार लायलंय, तोच उघडता.'

माझा पुढचा प्रश्न थोडा उशिरा आला. ती थांबली माझ्यासाठी. सूर चढला नाही.

परतताना होडीवाला माझ्या बरोबर चालत होता. "बाय," तो म्हणाला, "मी तेव्हा मस्करीत बोललंय. मेस्ताक एकदा सांगूचा होता. ऱ्हवला." मेस्तांनीही त्याला शेवटपर्यंत आधी नमस्कार केला नव्हता. तेही तसंच राहिलं.

त्यानंतर गावातल्या कितीतरी माणसांना आम्ही दोघींनी त्या गाण्यानं पोचवलं. माझ्या भावालाही. कागद कधीच लागले नाहीत, पाठ झाले होते. तिनं तिचा अर्धा जपून ठेवला असेल असं मला वाटलं नव्हतं. मी माझा ठेवला होता, आणि तिला सांगितलं नव्हतं.

नऊ दिवसांपूर्वी तिला पुरताना ते गाणं कोणी गायलं नाही. मला दोन्ही अर्धे पाठ होते. पण काखेत कापड धरून मी मागे उभी होते, आणि पुढे जाऊन आपणच विचारायचं नि आपणच उत्तर द्यायचं, हे माझ्यानं झालं नाही. दम पुरला नसता.

काल रात्री मी वाटीत भाताची खळ केली, दोन्ही तुकडे एका जाड कागदावर चिकटवून ठेवावेत म्हणून. कडा जुळवून पाहिल्या. कात्री एका जागी थोडी वाकडी गेली होती, तिथेही बरोबर बसल्या. मग खळ तशीच ठेवली. जोडले तर ते एका माणसाला गाता येईल.

आज सकाळी मी मधल्या दाराची कडी काढली आणि दार वाजवलं.

"कोण?" आतून विचारलं. अगदी आईसारखं.

"मी."

दार थोडं उघडलं. ती रात्रीची झोपलेली दिसत नव्हती. मी वहिनीचा अर्धा पुढे केला. "ह्यो तुझ्या आवशीचो. महिन्याच्या मिसाक गावूचो आसा."

तिनं तो वाचला. ओठ हलत होते. दाराच्या फटीतून उजेड पुरेना, म्हणून तिनं दार पुरतं उघडलं आणि कागद उलटसुलट करून पाहिला.

"आते, ह्यो अर्दोच आसा."

"दुसरो माझ्याकडे आसा."

"असो कापल्यानी कित्या?"

"तेव्हा कागद महाग होतो," मी म्हटलं.